जिप्सी उचलायची आहे? आधी हरवलेला इंच शोधा

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबक–हरसूल रस्ता सोडून आमच्या शेताकडे वळलं की शेवटच्या दोन किलोमीटरला डांबर नाही. जुलैत ट्रॅक्टरच्या चाकांनी तिथे खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. माझी जिप्सी पहिल्याच पावसाळ्यात त्या उंचवट्यावर पोट टेकून बसली. चाकं गरगर फिरत होती, गाडी जागची हलत नव्हती. अंधार पडायच्या आत शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टर आणून ती ओढून काढली आणि त्याच रात्री ठरवलं की गाडी उचलायची, म्हणजे लिफ्ट करून तिची उंची वाढवायची.

पुढच्या दोन महिन्यांत मी जे केलं, त्यातलं निम्मं काम नंतर उलटं करावं लागलं. उलटं करायला लागलेले पैसे मूळ खर्चाहून जास्त होते. तुमच्याकडे जुनी मारुती जिप्सी असेल, खिशात मोजके पैसे असतील आणि गॅरेजमध्ये काय मागायचं हे नीट माहीत नसेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. मी सांगतो तो क्रम पाळा. क्रम चुकला की पैसे जातात.

उंची म्हणजे नेमकी कोणती?

गाडी उचलायची म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बॉडी आणि चाक यांच्यातली मोकळी जागा येते. ती वाढली की गाडी उंच दिसते. पण चाकोरीतल्या उंचवट्यावर टेकते ती बॉडी नाही, टेकतो तो डिफरन्शिअलचा गोळा, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा फुगवटा. जिप्सीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहेत, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणारा एकच आडवा दांडा. हे ॲक्सल चाकांना जोडलेले असल्यामुळे पाट्यांना (एकावर एक पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगना) कितीही कमान द्या किंवा शॅकल (पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चेसिसला, लटकवणाऱ्या पट्ट्या) कितीही लांब करा, डिफरन्शिअल जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. ते वर नेणारी गोष्ट एकच, टायर. टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्म्याने डिफरन्शिअल वर जातं.

मग पाटे आणि शॅकल कशासाठी? त्यांनी चेसिस, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी गिअरपेटी), सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी वर जाते. बंपरखालचा कोन सुधारतो, म्हणजे ओढ्याच्या काठावरून उतरताना नाक आधी टेकत नाही. आणि मोठा टायर मडगार्डला घासू नये म्हणून जागा होते. तुमची गाडी नेमकी कुठे टेकते हे आधी बघा. पुढच्या वेळी अडकलात की वाकून खाली नजर टाका. चिखलाचा पट्टा डिफवर असेल तर पैसे टायरला, ट्रान्सफर केसवर किंवा चेसिसवर असेल तर पाट्यांना.

जिप्सीची आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण ट्रकवर काम केलेले मिस्त्री इथे हमखास चुकतात. बहुतेक ट्रकमध्ये ॲक्सल पाट्याच्या खाली असतो. जिप्सीत ॲक्सल पाट्याच्या वर बसतो. ट्रक उचलायला ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतात. तोच ठोकळा जिप्सीत घातला तर ॲक्सल पाट्यापासून आणखी वर जाईल आणि गाडी उचलली जायच्या ऐवजी खाली बसेल. कोणी "ठोकळा टाकून देतो, स्वस्तात होईल" म्हणालं तर त्याला आधी गाडीखाली झोपून बघायला सांगा.

कायद्याचं आधी बोलून घेऊ

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते.

म्हणून मी कामाचे दोन भाग करतो. बसलेले पाटे मूळ उंचीवर आणणं, सडलेले बुश (बोल्टभोवतीचे रबर) बदलणं, नवे शॉकॲब्सॉर्बर घालणं ही दुरुस्ती आहे, त्यात कोणाची हरकत असायचं कारण नाही. मूळ आकारापेक्षा मोठा टायर, लांब शॅकल, मूळपेक्षा जास्त कमान हा बदल आहे. तो करण्याआधी नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत जाऊन विचारून घ्या, विशेषतः गाडी १५ वर्षांची झाली असेल आणि नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर. काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका. मी मूळ शॅकल जपून ठेवले होते, म्हणूनच पुढे ते परत लावता आले.

आणि आनंदाची गोष्ट अशी, की पहिल्या भागातच बहुतेकांचं काम होतं.

पहिली पायरी: मोजा

जिप्सी भारतात डिसेंबर १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनाची जिप्सी किंग आली आणि २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज बाजारात मिळणारी प्रत्येक जिप्सी वापरून झालेली आहे. बऱ्याच गाड्यांनी २५–३० वर्षं पाट्यांवर वजन पेललं आहे. देवळालीच्या रस्त्यावर लष्कराच्या जिप्सी बघता त्या ताठ उभ्या असतात. आपली शेजारी लावली तर बसलेली दिसेल. तो फरक म्हणजे तुमचा हरवलेला इंच.

सपाट फरशीवर गाडी उभी करा. पेट्रोल पंपावरची काँक्रीटची जागा चालते, सोसायटीचं पार्किंग बहुधा उताराचं असतं. टायरमध्ये चारही बाजूंना सारखी हवा भरा. गाडीतलं सामान काढा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. चार आकडे वहीत लिहा, तारखेसकट. सोबत पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलखालची जागाही मोजा. कंपनीच्या तपशिलात जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे. टायर झिजलेले असतील तर तुमचा त्याहून कमी भरेल.

डावी-उजवीत १० मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर एका बाजूचा पाटा बसला आहे. अनेकदा ती ड्रायव्हरची बाजू असते, कारण ती सीट कधी रिकामी नसते. हे आकडे नसतील तर काम झाल्यावर नेमकं काय मिळालं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मी पहिल्यांदा मोजलं नव्हतं. गॅरेजवाला तीन इंच उचलली म्हणाला आणि मी विश्वास ठेवला.

दुसरी पायरी: पाटे उघडा

पाटेवाला शोधायचा तर ट्रक थांबतात तिथे जा. आडगाव ट्रक टर्मिनसच्या आसपास किंवा द्वारकेपासून आडगाव नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने. पाट्याचं काम हे मुळात ट्रकचं काम, आणि जिप्सीचे पाटे त्यांना खेळण्यासारखे वाटतात. मी ज्यांच्याकडे शेवटी गेलो ते म्हातारे चाचा गाडीकडे बघून एवढंच म्हणाले, "भाऊ, गाडी उचलायची का पाटा सरळ करायचा, ते आधी ठरव." मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, "मग आधी पाटा उघडू."

उघडल्यावर दिसतं ते असं. पानांच्या (पाट्याच्या पट्ट्यांच्या) मधे गंज साचलेला असतो, पानं एकमेकांवर सरकत नाहीत, म्हणून गाडी कडक चालते आणि पाटा चाकाला खड्ड्यात उतरू देत नाही. एखादं पान मधल्या भोकाजवळ चिरलेलं असतं. चिरलेल्या पानाला वेल्डिंग करू देऊ नका. ते पोलाद वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा तुटतं. ते पान बदला.

बाकीची पानं तारेच्या ब्रशने घासून, ग्राफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधायची. नुसत्या एवढ्याने माझ्या गाडीची चाल इतकी बदलली की पहिल्या दिवशी मला टायरमध्ये हवा कमी आहे असं वाटलं.

आता कमान. बसलेल्या पानाला पुन्हा कमान देण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत पान थंडच ठेवून प्रेसखाली किंवा घणाने थोडं थोडं अंतर सोडून ठोकत वळवतात. दुसरीत भट्टीत लाल करून वाकवतात. लाल केलेल्या पोलादाचं पाणी (लवचीक कडकपणा) उतरतं. ते परत तेलात विझवून, मग पुन्हा योग्य तापमानाला तापवून पाणी चढवलं तरच त्यात स्प्रिंगचा गुण येतो. रस्त्याकडेच्या भट्टीवर हे सगळं नीट होईलच असं नाही, आणि नाही झालं तर पाटा तीन महिन्यांत होता तिथे येऊन बसतो. म्हणून थंड कमानीचाच आग्रह धरा. चाचांनी पुढच्या आणि मागच्या चारही पाट्यांना थंड कमान दिली, जोडीजोडीने, एकमेकांवर ठेवून तपासत. डावा-उजवा पाटा जमिनीवर शेजारी ठेवला की दोन्हींची कमान सारखी दिसली पाहिजे. ते बघितल्याशिवाय गाडीला चढवू देऊ नका.

किती कमान? मूळ उंची परत येईल इतकी, आणि वर फार तर २५ मिलिमीटर. याहून जास्त दिली की पाट्याची दोन टोकं एकमेकांच्या जवळ येतात, शॅकल आत ओढला जातो आणि गाडी ताठ होते.

इथे कोणीतरी एक जादा पान टाकायचं सुचवेल. स्वस्त आहे, गाडी लगेच उचलली जाते, मोह होतो. पण जिप्सी रिकामी जेमतेम एक टनाची. जादा पानाने ती बैलगाडीसारखी हादरते, आणि दगडावर एक चाक चढलं की दुसरं हवेत राहतं. ऑफ-रोडला उंचीइतकंच चाक जमिनीवर टेकून राहणं महत्त्वाचं. तुम्ही मागे रोज द्राक्षाचे किंवा टोमॅटोचे क्रेट वाहत असाल तर मागच्या पाट्यांना एक पातळ पान समजू शकतो. नाहीतर नको.

बुश, यू-बोल्ट, सेंटर बोल्ट

पाटे उतरलेलेच आहेत तर रबरी बुश सगळे नवे घाला. पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट एकदा उघडले की परत वापरायचे नाहीत. घट्ट करताना ते ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तसे धरत नाहीत. नवे घ्या, बारीक आट्यांचे, नटसकट. पाट्याची पानं मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्टही नवा. जिप्सीत ॲक्सल वर असल्यामुळे सेंटर बोल्टचं डोकं वरच्या बाजूला येतं आणि ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. ते भोकात नीट बसलं नाही तर ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत चुकीची झाली आणि मी गप्प राहिलो, म्हणून ठळकपणे सांगतो. पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या वळलेल्या भोकातले) आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून हलवा, आणि मग आवळा. हवेत आवळले तर रबर त्या स्थितीत चिकटतं, गाडी खाली आल्यावर पिळलं जातं आणि महिन्याभरात फाटतं.

तिसरी पायरी: टायर

नाशिककरांची इथे सोय आहे. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५. बोलेरोचा २१५/७५ आर १५. बोलेरो आपल्या सातपूरच्या महिंद्रा कारखान्यातली गाडी, जिल्ह्यातल्या गावागावांत आहे, त्यामुळे हा टायर नवा आणि जुना दोन्ही सहज मिळतो. जिप्सीच्या साडेपाच इंची रिमवरही तो बसतो.

हिशोब करून बघू. २०५/७० म्हणजे बाजूची उंची २०५ च्या ७० टक्के, १४३.५ मिलिमीटर. दोन बाजू आणि १५ इंचांची रिम, म्हणजे ३८१, मिळून व्यास ६६८ मिलिमीटर. २१५/७५ चा व्यास ७०३.५. फरक ३५.५, त्याचा निम्मा साधारण १८ मिलिमीटर. डिफरन्शिअल १८ मिलिमीटर वर गेलं. आकडा छोटा वाटतो, पण चाकोरीतल्या उंचवट्यावर घासत जाणं आणि टेकून बसणं यांत एवढंच अंतर असतं. माझी गाडी आता तिथे घासते, बसत नाही.

२३५/७५ आर १५ घेतला तर ३३ मिलिमीटर मिळतात. पण तो व्यास मूळपेक्षा जवळजवळ १० टक्के मोठा. इंजिनाला तेवढा भार, ब्रेकला तेवढा भार, घाटात खालचा गिअर, आणि मडगार्ड कापावं लागणार. १३०० सीसीच्या इंजिनाला आणि कमी बजेटला हे परवडत नाही. ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीला तर नाहीच. २१५/७५ वरही स्पीडोमीटर ५ टक्के कमी दाखवतो: काट्यावर ६० असेल तेव्हा तुम्ही ६३ ला असता.

वापरलेला टायर घेताना बाजूवर चार अंकांचा उत्पादनाचा शिक्का शोधा. २३२२ असेल तर २०२२ चा २३ वा आठवडा. पाच वर्षांहून जुना टायर नक्षी कितीही छान असली तरी सोडा, उन्हाने रबर कडक झालेलं असतं. खांद्यावर बोट फिरवून बारीक चिरा तपासा. आणि चारही एकाच मापाचे घ्या. पुढे एक माप आणि मागे दुसरं ठेवून फोर-व्हील लावली तर ट्रान्सफर केस आणि शाफ्ट एकमेकांशी झगडतात.

नक्षीबद्दल माझं मत असं. त्र्यंबक-इगतपुरीकडची तांबडी माती पाण्याने धुऊन जाते, तिथे ऑल-टेरेन नक्षी पुरते. निफाड-सिन्नरकडची काळी माती मात्र टायरच्या खाचांत भरून बसते, पंधरा मिनिटांत टायर गुळगुळीत होतो, आणि तिथे उंचीचा उपयोग होत नाही. काळ्या मातीत शेत असेल तर मोकळ्या, रुंद खाचांचा टायर घ्या आणि लिफ्टचे उरलेले पैसे वाचवा.

चौथी पायरी: शॅकल, आणि माझी चूक

शॅकल म्हणजे पाट्याचं सरकतं टोक चेसिसला लटकवणारी पट्ट्यांची जोडी. तो लांब केला की चेसिस वर जाते, पण शॅकल जितका लांब होईल त्याच्या निम्म्याच उंचीने, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. ४० मिलिमीटर लांब केला तर २० मिलिमीटर मिळतात.

मी सुरुवातच इथून केली होती. एका गॅरेजने मला मूळपेक्षा चार इंच लांब शॅकल लावून दिले. गाडी दोन इंच उचलली गेली, रुबाबदार दिसू लागली. मग वाडीवऱ्हेजवळ हायवेवर ८० च्या वेगाला स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं आणि वळणानंतर आपोआप सरळ येईना. कारण असं: जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब झाला की पाट्याचं पुढचं टोक चेसिसच्या मानाने खाली जातं, ॲक्सल पुढे कलतो आणि चाकाचा कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो. सायकलचा पुढचा फोर्क पुढे झुकलेला असतो म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. तो झुकाव काढून टाकला तर काय होईल, तेच इथे होतं.

त्यामुळे शॅकलला हात लावायचा तर मागे आणि पुढे दोन्हीकडे ४० मिलिमीटरपर्यंतच, आणि पुढच्या बाजूला सोबत पाचर घाला. पाचर म्हणजे एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असा स्टीलचा तुकडा, दोन ते तीन अंशांचा, पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये बसणारा. जिप्सीत पुढच्या ॲक्सलला जाड बाजू पुढे येते, म्हणजे ॲक्सलचा माथा मागे झुकतो. ॲल्युमिनियमची पाचर घेऊ नका, ती चिरडते. पाचरीमुळे सेंटर बोल्टचं डोकं बैठकीत कमी शिरतं, म्हणून उंच डोक्याचा बोल्ट लागतो. हे पाटेवाल्याला आधीच सांगा.

शॅकल करून घ्यायला सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतलं एखादं लेथ-ड्रिलिंगचं छोटं युनिट गाठा. जुना शॅकल नमुना म्हणून सोबत न्या, पिनेचा व्यास त्यावरून घेऊ द्या. पट्टी किमान ८ मिलिमीटर जाड, भोकं ड्रिलने पाडलेली, गॅस कटरने नाही. दोन पट्ट्यांमध्ये आडवी पट्टी वेल्ड करून घ्या, नाहीतर लांब शॅकल आडव्या जोराने फाकतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला हवा. बसवल्यावर गाडी जमिनीवर असताना शॅकलचं खालचं टोक पाट्याच्या पक्क्या टोकापासून दूर झुकलेलं दिसलं पाहिजे. सरळ उभा किंवा आत वळलेला दिसला तर कमान जास्त झाली आहे.

खरं सांगायचं तर कमान आणि टायर झाल्यावर मला शॅकलची गरजच उरली नाही. चार इंची काढून मी मूळ शॅकल परत लावले.

काम चालू असताना

घरी करणार असाल तर दोन माणसं हवीत. सगळे नट-बोल्ट चार दिवस आधीपासून रोज डिझेलने भिजवा. डोळ्यातला बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटलेला असतो, त्यावरच अर्धा दिवस जातो. आधी मागचा ॲक्सल, मग पुढचा. चेसिस दोन भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा आणि ॲक्सल वेगळ्या जॅकवर. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

पाटे चढवून झाल्यावर चाकं लटकत असतानाच या गोष्टी तपासा, कारण हीच त्यांची सर्वांत ताणलेली स्थिती असते. ब्रेकचे रबरी पाइप: मागचा एक आणि पुढचे दोन. ॲक्सल पूर्ण खाली लटकू द्या, पुढे स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. पाइप तारेसारखा ताठ झाला तर लांब पाइप लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही. माझ्या पहिल्या लिफ्टनंतर मागचा पाइप असाच ताणलेला होता आणि मी त्यावर तीन आठवडे गाडी चालवली. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

शॉकॲब्सॉर्बर पूर्ण ताणले जात असतील तर पाट्याच्या आधी तेच ॲक्सलला रोखतात आणि आतून तुटतात. मूळ उंचीपर्यंतच आला असाल तर कंपनीच्या मापाचे नवे शॉक पुरतात. वर गेला असाल तर लांब मापाचे घ्या. प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हाताने हलवून बघा, खडखड असेल तर बदला. जुने क्रॉस नव्या कोनात फार दिवस टिकत नाहीत. ॲक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा ये-जा करू देणारी) नळी लांब करून इंजिनजवळ वर नेऊन बांधा. काही रुपयांचं काम आहे. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी आत ओढलं जाऊन तेल दुधासारखं होतं.

पैसे कसे वाटायचे

समजा हातात ३० हजार आहेत. निम्मे टायरसाठी बाजूला काढा. उरलेल्यातले निम्मे पाट्याचं काम, बुश, यू-बोल्ट आणि मजुरीला. त्यानंतर जे राहतं ते शॉक आणि ब्रेक पाइपला. शॅकलसाठी काही ठेवू नका. २० हजारच असतील तर टायर पुढच्या वर्षावर ढकला, पण पाटे आणि ब्रेक पाइप ढकलू नका.

रस्त्यावर

पहिल्या दिवशी गंगापूर रोडवर सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर, ४० च्या वर न जाता. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी सरळ जाते का, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का. स्टिअरिंगची दांडी तिरकी राहत असेल तर ती ड्रॅग लिंकवर (स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) जुळवून घ्या, स्टिअरिंग व्हील काढून फिरवून बसवू नका. मग व्हील अलाइनमेंट. रात्री भिंतीसमोर उभं राहून हेडलाइट खाली करा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातील.

जिप्सीच्या दोन चाकांमधली रुंदी जेमतेम १३०० मिलिमीटर आहे. उंची वाढली की आडव्या उतारावर ती लवकर कलते. पूर्वी ज्या बांधावरून बिनधास्त जात होता तिथे एकदा उतरून, चालत जाऊन बघा.

सरावाला स्वतःचं किंवा परवानगी घेतलेलं रान वापरा. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. तिथल्या गवतात आणि बॅकवॉटरच्या काठावर गाडी घालायची नाही. आणि पावसाळ्यात भाताच्या खाचरांचे बांध तुडवू नका. तो बांध एखाद्या घराने चार दिवस कंबर मोडून घातलेला असतो.

१०० किलोमीटरनंतर सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळा, एकाआड एक, तिरके. ५०० नंतर पुन्हा एकदा. नवी कमान दिलेले पाटे पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसतातच, त्यामुळे महिन्याने त्याच फरशीवर उभं करून तेच चार आकडे परत मोजा आणि पहिल्या आकड्यांच्या शेजारी लिहा. माझे मागचे पाटे पहिल्या महिन्यात ७ मिलिमीटर बसले, दुसऱ्या महिन्यात एकही नाही.